सहा पुडकी, एक डोकं

टॅक्सचं नाव काढलं की भल्याभल्यांची तोंडं कडू होतात. नोकरदाराचं एक बरं असतं, पगार हातात पडायच्या आधीच सरकारचा वाटा कापून गेलेला असतो. जे दिसलंच नाही ते दुखणार काय! पण जो आपल्या हातावर कमावतो त्याला आधी नोटा दिसतात, बोटांना त्यांची सवय होते, आणि मग त्यातल्याच काही स्वतःच्या हातानं काढून द्याव्या लागतात. खोटं कशाला बोलू, तिथं माणसाचं पाणी कळतं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, मेकन गावी, मिस जॉर्जेटच्या पार्लरात चार बायका खुर्च्या भाड्यानं घेऊन केसांचं काम करायच्या. आठवड्याचं खुर्चीभाडं जॉर्जेटला द्यायचं, बाकी कमाई जिची तिची. टॅक्स कापणारं वर कुणी नाही. वर्षातून चार वेळा आपणच अंदाज करायचा, या वर्षी साधारण किती सुटतील, आणि त्यावरचा टॅक्स हप्त्यानं आगाऊ भरायचा. एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी, त्या त्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. चारातल्या तिघी हे करतच नव्हत्या. करायची ती एकटी मिस अर्नेस्टीन.

वय एकोणसत्तर. खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर चौतीस वर्षं. हप्त्याच्या दिवशी ती दुपारी बारानंतर गिऱ्हाईक घ्यायची नाही. हात धुवायची, एप्रन उतरवायची, आणि ईस्टरला चर्चमध्ये घालायची ती जांभळी, मोठ्या काठाची टोपी डब्यातून काढून डोक्यावर ठेवायची. पर्समध्ये दोन पाकिटं, एक वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचं, एक आपल्या जॉर्जिया राज्याचं. आणि निघाली पोस्टात, ताठ मानेनं, भर उन्हात.

त्या जूनमध्ये ती अशीच निघाली तेव्हा रोशेलनं हाक मारली, "कुणाचं लग्न आहे हो, मिस अर्नेस्टीन?"

"माझंच. सरकारशी."

"चौतीस वर्षं झाली की! नवरा अजून घरी नाही आला?"

"येत नाही तेच बरं आहे. तीन महिन्यांनी पैसे नेतो आणि तोंड दाखवत नाही. तुमचे तर रोज नेतात!"

पार्लर हसून हसून लोळलं. अर्नेस्टीननं आरशात टोपी सारखी केली आणि ती गेली.

रोशेल तेहतीस वर्षांची. हातात जादू होती पोरीच्या. बारीक वेण्या घालाव्यात तर तिनं. एकेक डोकं सहा-सहा तास चालायचं, पण उठलेली बाई राणीसारखी चालत जायची. पूर्वी ती मॉलमधल्या मोठ्या पार्लरात पगारावर होती. तिथं टॅक्स जरा जास्तच कापायचे आणि फेब्रुवारीत रिफंड यायचा. एका वर्षी सोफा आला, एका वर्षी भिंतीएवढा टीव्ही. मग तिनं स्वतःची खुर्ची घेतली. आता कापणारं कुणी नव्हतं, पण रिफंडाची चटक तशीच राहिली. दर हिवाळ्यात टॅक्सचे कागद भरून देणाऱ्या टपरीवर ती जायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "रिफंड जास्तीत जास्त किती बसेल?" टपरीवाला सांगेल तेवढीच कमाई कागदावर; कमाई कमी दिसली की सरकार गरिबांची मदत म्हणून रिफंड देतं. एप्रनच्या डाव्या खिशातले पैसे लिहायचे, उजव्या खिशातले नाही. हा तिचा नियम होता, आणि तिला तो हुशारी वाटायचा.

जून संपता संपता एका शुक्रवारी, सगळ्या जणी तळलेला मासा आणि कोबीचं सॅलड खात बसल्या असताना, मिस जॉर्जेटनं गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, "पोरींनो, मी थकले. लेकाकडे अटलांटाला चालले. दुकान विकायचंय."

चौघींच्या हातातले काटे-चमचे थांबले.

"फोन विकणारा एक जण मागतोय. साठ हजार डॉलर देतो म्हणतो. ऑगस्टअखेरपर्यंत थांबेल. पण रोशेल, पहिला हक्क तुझा. गिऱ्हाईक तुझं सगळ्यात जास्त. तेवढेच आण आणि घे."

रोशेलच्या डोळ्यांसमोर दुकानाच्या काचेवर आपलं नाव आलंच. आणि दुसरीकडे फोनवाला आला तर काय, तेही सगळ्यांना कळलं. खुर्च्या उचला आणि रस्त्यावर या. अर्नेस्टीनच्या निम्म्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकणी शेजारच्या गल्ल्यांतून काठी टेकत यायच्या. त्या काय गाव ओलांडून जाणार होत्या?

सोमवारी रोशेल पतपेढीत गेली. तिथले मिस्टर लॅसिटर सभ्य माणूस. त्यांनी तिचे दोन वर्षांचे टॅक्सचे कागद वाचले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मिस रोशेल, माझी बायको वेण्या तुमच्याकडेच घालते."

"हो ना, गोड बाई आहे."

"तिला तुमच्याकडे दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही. म्हणजे तुमचं किती चालतं ते मला घरबसल्या माहीत आहे."

"मग झालं तर!"

"झालं नाही. या कागदावर तुम्ही वर्षाला अकरा हजार कमावता. अकरा हजारांत तुमचं घरभाडं निघत नाही, तर आमचा हप्ता कुठून निघणार?"

"अहो, ते कागदावर! खरे कितीतरी जास्त आहेत."

"कुठं आहेत?"

 काय सांगणार? उजव्या खिशात? लॅसिटरांनी कागद हळूच तिच्याकडे फिरवला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. सही तिचीच होती. आपण गरीब आहोत असं तिनं स्वतःच लिहून दिलं होतं, दोनदा!

तिथून ती तडक अर्नेस्टीनच्या खुर्चीशी आली. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

"मिस अर्नेस्टीन, एक काम करा ना. तुमचे कागद चौतीस वर्षांचे स्वच्छ आहेत. कर्ज तुमच्या नावावर काढू. नाव फक्त तुमचं, बाकी सगळं मी बघते. हप्ते मी भरते."

अर्नेस्टीन कंगवे औषधाच्या पाण्यात बुडवत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरी, चौतीस वर्षांत मी कुणाला कंगवासुद्धा उसना दिलेला नाही. नाव देऊ?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझाच तुझ्यावर नाही. असता तर खरं लिहिलं असतंस."

रोशेल तडकली. "या सरकारनं आपल्याला दिलंय काय हो? आपल्या गल्लीतला खड्डा माझ्या वयाचा आहे!"

"खड्ड्यासाठी नगरपालिकेत जाऊन भांड. मीही येते, माझा आवाज तुझ्यापेक्षा मोठा आहे." अर्नेस्टीननं हात पुसले आणि खुर्चीवर टेकली. "आता ऐक. माझ्या आईनं एकेचाळीस वर्षं गोऱ्यांच्या घरात स्वयंपाक केला. आठवड्याला पैसे हातावर ठेवायचे आणि वर जुने कपडे. तिचं नाव कुणी कुठं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तिच्या नावानं टॅक्स भरावा लागला असता ना त्यांना! म्हातारी झाली, हात थरथरायला लागले, तेव्हा मी तिला घेऊन पेन्शनच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईनं वही उघडली आणि म्हणाली, यांनी कधी काम केल्याची नोंदच नाही. एकेचाळीस वर्षं, रोशेल! आई तिथं उभी होती. तिच्या हातांवर भाजल्याचे डाग होते, आणि वहीत ती नव्हतीच."

रोशेल शेजारच्या खुर्चीवर बसली.

"आपण जो टॅक्स भरतो त्यातला मोठा भाग त्या पेन्शनच्या वहीत जातो. मी चार वेळा पोस्टात जाते ते सरकारच्या प्रेमानं नाही. मी लिहून देऊन येते, की अर्नेस्टीन आहे आणि तिनं या तिमाहीत काम केलं. म्हणून नटून जाते. माझ्या आईला दुसऱ्यांनी पुसलं. तू तर स्वतःलाच पुसतेस, वर हसतेस!"

मंडळी, हे शब्द झोंबणारे होते. रोशेल उठून चालायला लागली. दारापर्यंत गेल्यावर अर्नेस्टीन मागून म्हणाली, "वेण्यांत गुंफायच्या नकली केसांची पुडकी घेतेस त्या दुकानात तुझं सवलतीचं कार्ड आहे?"

"आहे. का?"

"त्यांच्याकडून वर्षभराच्या खरेदीची यादी छापून घे. रविवारी चर्चनंतर माझ्या घरी जेवायला ये."

रविवारी दुपारी अर्नेस्टीनच्या स्वयंपाकघरात पीच भरलेला गरम केक टेबलावर होता, पण त्याला हात लावायची परवानगी नव्हती. आधी यादी. आठवी शिकलेली बाई, कानामागे पेन्सिल.

"सहा पुडकी म्हणजे एक डोकं. बरोबर?"

"बरोबर. लहान पोरींना तीनच लागतात."

"पोरींची अर्धी अर्धी धरू. पुडकी एकूण सतराशे चौसष्ट. भाग घाल सहानं."

रोशेलनं फोनवर भाग घातला. अर्नेस्टीनचं उत्तर आधी आलं.

"दोनशे चौऱ्याण्णव."

"छे! एवढी कुठली?"

"तूच सांग. पुडकी तू खाल्लीस का? एका डोक्याचे तू एकशे चाळीस घेतेस. गुण."

एक्केचाळीस हजारांवर आकडा गेला. रोशेलनं पुन्हा गुणलं, पुन्हा तेवढाच. तिच्या कपाळावर घाम आला, आणि तो काही उन्हाळ्याचा नव्हता. वर्षानुवर्षं ती स्वतःला ओढाताणीतली बाई समजत होती. पैसे खिशात यायचे, खिशातून जायचे, कुणी विचारलं तर 'काय राहतंय हो' असं म्हणायची. आपण किती केलं हे तिनं कधी एका जागी बघितलंच नव्हतं. दोनशे चौऱ्याण्णव डोकी! प्रत्येकी सहा तास उभं राहून, ह्या दोन हातांनी! सरकारपासून लपवता लपवता तिनं ते स्वतःपासूनही लपवलं होतं.

"रडू नको, कागद भिजेल," अर्नेस्टीन म्हणाली. "पुढं लिही. पुडक्यांचा खर्च वजा, खुर्चीचं भाडं वजा, हातमोजे, तेल, कात्र्यांची धार, सगळं वजा. हा खर्च तुझा हक्क आहे, खरं लिहिणाऱ्यालाच मिळतो. उरलं ते तुझं. त्यावर वर्षाचा टॅक्स किती होईल तो अंदाज, आणि त्याचे चार हप्ते."

"पण सारखे चार कसे? जानेवारीत माझ्याकडे कुत्रं फिरकत नाही. ईस्टरच्या आधी श्वास घ्यायला वेळ नसतो."

"म्हणून प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की शंभरातले पंचवीस वेगळ्या डब्यात. भरल्या हातानं जास्त पडतील, रिकाम्या हातानं कमी. डबा बरोबर करतो सगळं. आणि तिमाही म्हणतात म्हणून तीन महिने मोजत बसू नको. एप्रिलनंतरचा हप्ता दोनच महिन्यांत येतो. नवी माणसं तिथंच आपटतात. मीही आपटले होते, दंड भरला आणि त्या दिवशी रागानं दोन बायकांचे केस जरा जास्तच कापले!"

रोशेल डोळे पुसत हसली. मग एकदम म्हणाली, "हाच कागद नेऊ का पतपेढीत?"

"पेन्सिलीच्या आकड्यांवर कर्ज मिळत नाही. त्यांना दोन वर्षांचे सरकारी कागद हवेत. ते तुला करावे लागतील."

"ऑगस्ट संपायला आठच आठवडे राहिलेत!"

"हो," एवढंच अर्नेस्टीन म्हणाली आणि तिनं केक कापायला घेतला.

दोन आठवड्यांनी बातमी फुटली. दुकान विकलं गेलं होतं. घेणारी होती मिस अर्नेस्टीन! पतपेढीनं तिचे कागद बघितले आणि एका आठवड्यात हो म्हटलं.

रोशेलच्या हातात तेव्हा एका बाईचं डोकं अर्धं झालेलं होतं. ती तशीच वेणी सोडून खिडकीशी गेली.

"माझ्या तोंडचा घास काढलात? मला केक खायला घालून माझा धंदा मोजून घेतलात, आणि कळलं दुकान किती कमावतं तेव्हा स्वतःच घेतलंत!"

"रोशेल," खुर्चीतली बाई म्हणाली, "माझं डोकं अर्धं आहे गं. भांडण नंतर कर."

"तुम्ही गप्प बसा!"

अर्नेस्टीननं कात्री खाली ठेवली. "झालं बोलून? आता माझं ऐक. नाव मी उसनं देत नाही म्हटलं होतं. म्हणून दुकानच घेतलं, माझ्या नावानं, माझ्या जोखमीवर. दोन वर्षं. त्यात टॅक्सचे आठ हप्ते येतात. आठही वेळेवर आणि खरे भर. मागची दोन वर्षं खोटी लिहिलीस ते कागद दुरुस्त करून पाठव. मग हे दुकान तुझं, मी घेतलं त्याच किमतीला. एक डॉलर वर नाही."

"आणि चुकले तर?"

"फोनवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे."

"आणि मधल्या काळात तुम्हीच मेलात तर?"

 अर्नेस्टीन हसली. "तर थेट वकिलाकडे जा. हेच सगळं कागदावर सह्या करून ठेवलंय. तुला काय वाटलं, मी तोंडी बोलतेय?"

मंडळी, एकोणसत्तराव्या वर्षी माणसं कर्ज फेडून निवांत बसायचं बघतात. या बाईनं ते अंगावर घेतलं, कुणासाठी, तर तिच्या टोपीला हसणाऱ्या पोरीसाठी! अशी माणसं आपल्यात असतात आणि आपल्याला दिसत नाहीत.

पण राग राग असतो. रोशेलनं ते अर्धं डोकं पुरं केलं, कंगवे गोळा केले आणि ती नदीपलीकडच्या एका पार्लरात खुर्ची बघायला गेली. तिथला मालक दिलदारपणे म्हणाला, "इथं काही भानगड नाही, बाई. लिहायचं नाही, विचारायचं नाही. पैसे खिशात घाला आणि घरी जा."

महिन्यापूर्वी हे ऐकून ती खूश झाली असती. आता तिला वाटलं, म्हणजे इथं दहा वर्षं उभी राहिले तरी मी इथं नव्हतेच! तिला ती पेन्शनची खिडकी आठवली, ती वही, ते भाजलेले हात. आभार मानून ती बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या जुन्या खुर्चीवर आली, आणि अर्नेस्टीनला म्हणाली, "डबा कुठला घ्यावा? पत्र्याचा की काचेचा?"

"काचेचा. दिसला पाहिजे."

सोपं नव्हतं हो पुढचं. मागच्या वर्षांचे कागद दुरुस्त केले तसा आधी घेतलेला रिफंड परत करायची वेळ आली, वर दंड आणि व्याज. त्याचे महिन्याचे हप्ते बांधून घेतले. सप्टेंबरच्या पहिल्या हप्त्याला तिनं जॉर्जियाचा चेक वॉशिंग्टनच्या पाकिटात घातला होता. चिकटवायच्या आधी अर्नेस्टीननं धरला म्हणून बरं, नाहीतर दोन्ही सरकारं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली असती. जानेवारीत डबा कमी भरला. रोशेलनं अर्नेस्टीनकडे उसने मागितले. नाही मिळाले. तिनं तो भिंतीएवढा टीव्ही विकला आणि चौदा तारखेला चेक टाकला. त्या दिवशी अर्नेस्टीन तिच्यासाठी घरून कोंबडीचं सूप घेऊन आली.

आणि हळूहळू इतर दोघींच्या आरशांपुढेही काचेचे डबे आले. कुणी सांगितलं नव्हतं. रोशेलला आता तिचा धंदा कळत होता, कुठल्या महिन्यात मंदी, कशावर खर्च उगाच जातो. तिनं दर वाढवले तेही हिशेबानं. पहिल्यांदाच पैसे उरायला लागले. आठवा हप्ता गेला तो दोन वर्षांनंतरच्या जूनमध्ये, आणि जुलैत ती कर्जासाठी लॅसिटरांसमोर बसली. त्यांनी कागद वाचले आणि उठून हात पुढं केला. "अभिनंदन, मिस रोशेल. आता बायकोला नंबर लवकर द्या म्हणजे झालं."

काचेवर नाव रंगवून झालं त्या सोमवारी अर्नेस्टीन नेहमीप्रमाणे आली आणि तिनं रोशेलच्या हातात पैसे ठेवले.

"हे काय?"

"खुर्चीचं आठवड्याचं भाडं, मालकीणबाई."

रोशेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्याकडून भाडं घेऊ? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"घ्यायचं. आणि पावती दे, खर्चात धरायचीय मला. फुकटची खुर्ची दाखवून मी सरकारला काय सांगू?"

रोशेलनं नवीन पावतीपुस्तक उघडलं, पहिल्या पानावर तारीख घातली, आणि स्वच्छ अक्षरांत लिहिलं, मिस अर्नेस्टीन यांच्याकडून खुर्चीभाडं मिळालं. खाली सही केली. या वेळी सहीच्या वर लिहिलेलं सगळं खरं होतं.

तर मंडळी, तुम्ही केस विंचरत असाल, चित्रं काढत असाल, गाड्या दुरुस्त करत असाल, वर कुणी मालक नसेल, तर ही गोष्ट तुमची आहे. टॅक्स द्यायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण जे आपण लपवतो ते पैसे नसतात नुसते, ते आपले कष्ट असतात, आणि लपवलेल्या कष्टांना उद्या कुणी ओळख देत नाही, पतपेढी नाही, पेन्शनची खिडकी नाही. आलेल्या पैशातला सरकारचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढा, हप्ता वेळेवर भरा, आणि आपलं काम आपल्या नावानं लिहून ठेवा. घाम आपला आहे ना? मग तो आपल्या नावावर जमा होऊ द्या!